पल्याडकर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत, शाळेत, नाहीतर लग्नाच्या मांडवात एक तरी पल्याडकर सापडतोच. आडनाव काहीही असो. वय पन्नाशीकडे झुकलेलं, खिशात दोन रुमाल, डिक्कीत फुटाण्यांचा स्टीलचा डबा, आणि बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला एक नदी. शाळेत भूगोलात काठावर पास झालेला हा माणूस वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी या नद्यांवरचे पूल ओळीनं म्हणून दाखवतो. अलीकडच्या काठावर बंदी आणि पलीकडच्या काठावर बार असला, की भूगोल आपोआप पाठ होतो.

बाहेरच्यांसाठी थोडा इतिहास. वर्ध्यात सेवाग्रामच्या पुण्याईनं दारूबंदी कधीचीच होती. गडचिरोलीत ती १९९३ साली आली. मधलं चंद्रपूर ओलं राहिलं होतं. मग २०१० च्या डिसेंबरात जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून पायी निघून नागपूरच्या अधिवेशनावर धडकल्या, आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरही कोरडं झालं. तारीख १ एप्रिलची असल्यामुळे पहिले दोन दिवस पल्याडकरानं गंमत समजूनच काढले. त्या मोर्चात त्याची बायकोही चालली होती. तिला चिमूरच्या गाडीत बसवून देताना पाण्याच्या दोन बाटल्या हातात ठेवून ‘पायाले जपजो’ म्हणणारा हाच, हे तो आजही छाती काढून सांगतो. मोर्चाला त्याचा मनापासून पाठिंबा होता. दारू गावात नसावीच, असं त्याचं ठाम मत आहे. ती नदीपलीकडे असावी.

बंदीच्या त्या सहा वर्षांत घुग्घुसवरून वर्धा नदी ओलांडून वणीला जाणाऱ्यांची वणीत इतकी नातीगोती निघाली, की सोयरिकीच्या इतिहासात तोड नाही. दर शनिवारी कुणाच्या तरी साळीचं लग्न, दर रविवारी कुणाच्या तरी मावसभावाला बघायचं. राजुऱ्याकडच्यांना तेलंगण जवळ, त्यांचे आजारी नातेवाईक तिकडे. पण हे सगळे हौशी लोक. बाटली घेतली, डिक्कीत टाकली, नाक्यावर देवाचं नाव घेतलं आणि परतले. जातिवंत पल्याडकर बाटलीसाठी जातच नाही. तो जागा बघायला जातो.

आणि जागेबद्दल त्याची मतं कडक. काळ्या काचांचा एसी बार त्याला चालत नाही. “पेताना तोंड लपवाले का चोरी केली का जी आपण?” टिनाचं छप्पर हवं, वर चिंचेची नाहीतर आंब्याची सावली हवी, खुर्ची डगमगली तरी चालेल पण मालक डगमगता नको. उकडलेली अंडी समोर सोलून मिळाली पाहिजेत. मागचा हिशेब मालकाला तोंडपाठ पाहिजे. वहीत लिहिणाऱ्या मालकावर त्याचा विश्वास नाही. स्वतः तो पितो फार थोडं. दोन तास बसून अर्धा ग्लास, बाकी सगळं निरीक्षण.

त्याचं खरं तीर्थक्षेत्र काळेश्वर. आलापल्लीवरून सिरोंच्याचा रस्ता धरायचा. त्या रस्त्यावर इतके खड्डे, की प्यायच्या आधीच माणूस डुलतो. मग गोदावरीवरचा पूल, आणि पूल संपला की तेलंगण. आधी दर्शन, हा नियम. काळेश्वराच्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत, एक यमाचं आणि एक शिवाचं, मुक्तेश्वराचं. पल्याडकर येताना मुक्तेश्वराला हात जोडतो. परतताना यमाला, कारण गाडी भाचा चालवत असतो. (भाचा पीत नाही. पण चालवतो प्यायल्यासारखाच.)

तिकडची कल्लू कंपाऊंड म्हणजे ताडीची आवारं. ताडाच्या सावलीत जमिनीवर बसायचं, ताडाच्याच पानाचा द्रोण दोन्ही हातांनी तोंडाशी धरायचा आणि वरून कुणीतरी मडक्यातून ओतायचं. ग्लास नाही, टेबल नाही. ओतणारा हात थांबवायचा तर मान हलवावी लागते, आणि मान हलवली की ताडी सदऱ्यावर. ही विद्या पल्याडकराला वश आहे. कचेरीत तो तिचं प्रात्यक्षिक चहावर करून दाखवतो, त्यामुळे मार्चअखेरच्या बऱ्याच फायली तपकिरी झाल्या आहेत.

मोहाच्या बाबतीत मात्र त्याची फजिती झाली. ताडोब्याला येणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे मोहर्ली गेटवर गाइडला हळूच ‘ओरिजिनल मोहाची कुठे मिळेल हो?’ असं विचारतात, त्यांना हा मनसोक्त हसायचा. मोहफुलं कशी पहाटे गळतात, बाया टोपल्या घेऊन कशा जातात, अस्वल त्याच झाडाखाली कसं आधीच हजर असतं, हे सगळं त्याला ठाऊक. पण भामरागडकडच्या एका माडिया गावात तो ओळखीनं लग्नाला गेला. म्हातारीनं आधी चार थेंब पूर्वजांसाठी भुईवर सांडले, मग पानाच्या द्रोणात याला दिली, आणि मग याला भाताच्या पंगतीत बसवलं. यानं सवयीनं खिशात हात घालून ‘किती झाले?’ विचारलं. पोरं हसून हसून लोळली. परत आल्यावर तो आठवडाभर एकच वाक्य बोलत होता: “मालकच नाही न बे त्या बारले!”

मेंढा-लेख्याला त्याहून वाईट झालं. तिथल्या गावसभेनं फार पूर्वीच सगळ्यांच्या एकमतानं गावातली दारू बंद केलेली. सरकारी बंदीतून वाट काढायला पल्याडकराकडे पाच पूल होते. एकमताला पूल नाही. बिनसाखरेचा काळा चहा पिऊन तो परतला, आणि तो चहा चांगला होता असंही त्याला कबूल करावं लागलं.

मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली. दुकानं उघडली, चौकात रांगा लागल्या, कुणी दुकानाला हार घातले. पल्याडकर घरीच. दुकान घरापासून दीडशे पावलांवर, मध्ये एकच नाली, तीही बुजलेली. वणीच्या साळ्या एकाएकी लग्नाच्या थांबल्या. काळेश्वराचं दर्शन वर्षभर झालं नाही, म्हणून भाच्याची गाडी धूळ खात पडली.

शेवटी त्यानं गडचिरोलीला बदली मागितली. साऱ्या महाराष्ट्रात ज्या बदलीची धमकी देतात, ती यानं विनंती अर्ज करून मागितली. बाबूनं अर्ज दोनदा वाचून परत दिला, साहेबांनी तब्येत विचारली. अर्जात कारण लिहिलं होतं, ‘दुर्गम भागात सेवा करण्याची तळमळ’. गडचिरोली अजून कोरडी आहे, आणि गावातून निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा लागतो, याचा उल्लेख नव्हता.

बायकोनं जेवताना अर्ज वाचला. “बरं केलं,” ती म्हणाली. “मीबी येतो संगं. तिथं गावोगावी बायांच्या दारूबंदीच्या समित्या हायेत म्हणते. लय दिवसांचं मनात होतं.”

अर्ज मागे घेण्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात करतात, याची सध्या तो आस्थापना शाखेत चौकशी करतो आहे.