शिळा आणि सीडी

वर्ध्याच्या गोपुरीतल्या गीताई मंदिराला छत नाही. १९८० पासून विनोबांची गीताई तिथल्या शिळांवर ऊन-पाऊस खात उभी आहे. ना पासवर्ड, ना अपडेट. आपल्या विद्वत्तेचा थाट मात्र आधुनिक. यूजीसीने २००९ मध्ये पीएचडीच्या प्रबंधाची ई-प्रत सक्तीची केली आणि ज्ञान सीडीत शिरलं. आता सीडी आहे, तर ड्राइव्ह नाही. ड्राइव्ह सापडला, तर जुन्या फॉन्टात अक्षरांची भुतावळ. डिजिटल मजकूर जपणाऱ्या स्टॅनफर्डच्या ‘लॉक्स’ प्रकल्पाचं सूत्र साधं: प्रती अनेक ठिकाणी ठेवा, अधूनमधून ताडून पाहा. आमच्याकडे प्रत एकच, तीही कपाटात. किल्ली निवृत्त साहेबांकडे. वाङ्मयचौर्य पकडायला सॉफ्टवेअर घेतलंय म्हणे. पण मूळ प्रबंधच उघडेना, तर चोराने तरी काय करावं?