तेजोवलयाचा ओलावा

आमच्या नांदगाव खंडेश्वरात सोयाबीनचं आरोग्य तपासायचं यंत्र जुनंच आहे. मूठभर दाणे टाकले की आकडा येतो आणि व्यापाऱ्याचा चेहरा पडतो. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव खाली. 2024 च्या हंगामात केंद्राने खरेदीची मर्यादा पंधरावर नेली, तेव्हा आमचे दाणे एका रात्रीत तंदुरुस्त झाले.

म्हणून मंगल कार्यालयात तेजोवलयाच्या फोटोचं शिबिर लागलं, तेव्हा मी बामणवाड्यातल्या दादांना घेऊन निर्धास्त गेलो. फलकावर ‘रोगनिदान’ खोडून ‘ऊर्जा-मार्गदर्शन’ लिहिलं होतं. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर 1954 पासून कायदा आहे. तेजोवलय कितीही मोठं असलं तरी खडू हाताशी असलेला बरा.

पंजा धातूच्या पट्ट्यांवर ठेवायचा. यंत्र कातडीतून वीज किती सहज जाते ते पाहतं, संगणक त्या आकड्याला रंग देतो आणि फोटोभोवती फासतो. माझ्याभोवती गढूळ तांबडा ढग आला. ‘‘लिव्हर जपा,’’ मार्गदर्शक म्हणाले. मी बाहेर येऊन हात धुतले, दुपट्ट्याला खसखसून पुसले आणि पुन्हा पैसे भरले. या खेपेला जांभळा! दहा मिनिटांत लिव्हर बरं होऊन मी साधुपदाला पोचलो होतो.

या वाटेने जाणारा मी पहिला नव्हे. क्रास्नोदारच्या सेम्योन किर्लियन या वीज-कारागिराने 1939 मध्ये उच्च दाबाच्या विजेवर फोटोपट्टी ठेवून बोटांभोवतीची ठिणग्यांची झालर टिपली. जग म्हणालं, आत्मा सापडला. त्या पद्धतीत नाण्याभोवतीही झालर येते. अर्थात रुपयाचं तेज आम्हा कास्तकारांना कुणी वेगळं दाखवायला नको. मग 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की जिवंत बोटांच्या चित्रातले बहुतेक फरक ओलाव्याने पडतात.

ओलाव्याने! मी हे दादांना सांगितलं. ते बराच वेळ आपल्या हिरव्यागार फोटोकडे पाहत राहिले. मग मार्गदर्शकांकडे गेले.

‘‘सायेब, तुमच्या मशीनवर पंजाऐवजी सोयाबीन ठेवलं तं चालन काय? दोन पोते घरी पडून हायेत. जांभया रंग आला, तं त्यो फोटो व्यापाऱ्याले दाखवतो.’’