अडतीस अब्ज, अंदाजे

बाजाराचे भाकीत चुकले की लोक हसतात. हसावे. आम्हीही पुढे पोटभर हसणार आहोत. पण चुकलेले भाकीतही आपले काम चोख बजावून गेलेले असू शकते, हे हसण्याच्या भरात कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या मते संगणकाच्या धंद्यातले आजवरचे सर्वांत यशस्वी भाकीत तेच, जे सर्वांत सपशेल आपटले.

ते वर्तवले होते आयडीसी या अमेरिकी बाजार-संशोधन कंपनीने, १९९७ साली. इंटेल आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी १९९४ मध्ये हातमिळवणी करून एक नवा ६४ बिटी प्रोसेसर करायला घेतला होता. त्यावर चालणारे सर्व्हर २००१ साली ३८ अब्ज डॉलरचे विकले जातील, असे आयडीसीने सांगितले. चाळीस नव्हे, पस्तीस नव्हे, अडतीस. नवशिका गोल आकडा सांगतो. मुरलेला माणूस अडतीस सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटते, यांनी नक्की बसून मोजले असणार.

मोजायला त्या वेळी होते काय? चिप नव्हती. चिपला बारशाचे नावसुद्धा नव्हते; इटॅनियम हे नाव १९९९ च्या ऑक्टोबरात ठेवले गेले. आकड्यांचा मात्र सुकाळ होता. पेंटियम प्रोचे मुख्य रचनाकार बॉब कॉलवेल हे इंटेलच्याच घरातले. त्यांनी नंतर आपल्या आठवणींच्या ध्वनिमुद्रणात एका बैठकीचा किस्सा सांगून ठेवला आहे. नव्या चिपच्या वेगाचे डोळे दिपवणारे आकडे पडद्यावर झळकत होते. तुमच्याकडे कंपायलर नाही, मग हे आकडे आले कुठून, असे कॉलवेल यांनी विचारले. उत्तर आले की तीसेक ओळींचा प्रोग्रॅम हाताने लिहून पाहिला. तीस ओळी! आपल्याकडे गॅसच्या जोडणीचा अर्ज याहून लांब असतो.

चिपची कल्पना मात्र खरोखर धाडसी होती, ती समजून घ्यायला हवी. एरवी प्रोसेसर कोणती सूचना आधी उरकायची, कोणत्या दोन एकदम होतील, हे चालता चालता स्वतः ठरवतो. लग्नाच्या पंगतीतला मुरलेला वाढपी असाच असतो. कोणाच्या पानात काय संपले ते बघून तिकडे पळतो. इटॅनियमच्या कर्त्यांनी ठरवले की वाढप्याने डोके चालवायचेच नाही. कोण किती पोळ्या खाणार, कोणाला मठ्ठा लागणार, कोण जिलबीला नाही म्हणून मग दोनदा घेणार, हे सगळे आदल्या रात्री एका वहीत लिहून ठेवायचे. वही लिहिणारा तो कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे चिपच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. त्याने सूचना तीन-तीनच्या गठ्ठ्यांत बांधून द्यायच्या आणि वाढप्याने वहीबरहुकूम वाढत सुटायचे. कागदावर फार देखणे दिसते. पण पाहुणे वही वाचून जेवायला बसत नाहीत, आणि मेमरीतून माहिती यायला ऐन वेळी किती उशीर होईल हे आदल्या रात्री ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. संगणकशास्त्राचे भीष्माचार्य डोनाल्ड क्नूथ यांनी २००८ मध्ये एका मुलाखतीत सांगून टाकले की ज्या कंपायलरच्या भरवशावर ही मांडणी होती, ते लिहिणे जवळपास अशक्यच निघाले.

३८ अब्जांचा आकडा मात्र तयार होता. आकड्याला कंपायलर लागत नाही.

आता या आकड्याचा पराक्रम पाहा. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीकडे स्वतःचा मिप्स प्रोसेसर होता. १९९८ मध्ये तिने मिप्सचा संसार वेगळा काढला आणि आपण इटॅनियमच्या घरी राहायला जाणार असे जाहीर केले. ह्यूलेट-पॅकार्डने आपला पीए-रिस्क प्रोसेसर स्वतःहून निवृत्तीच्या रांगेत उभा केला. डिजिटल कंपनीचा अल्फा म्हणजे नव्वदच्या दशकातला वेगाचा बादशहा. डिजिटलला कॉम्पॅकने विकत घेतले आणि २००१ च्या जूनमध्ये कॉम्पॅकने अल्फाला नारळ दिला. त्याचे तंत्रज्ञान आणि कितीतरी अभियंते इंटेलकडे गेले. या चिपा फक्त भाकितापायी मेल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःचा प्रोसेसर पोसणे अतोनात महाग झाले होते. पण संचालक मंडळापुढे हत्ती पोसायचा की विकायचा हा प्रश्न असताना कोणी छापील अहवाल टेबलावर आपटून म्हणतो की चार वर्षांत सगळे जग तिकडे जाणार आहे, तेव्हा हत्तीच्या बाजूने बोलायला कोण उठेल? जॉन ड्वोरॅक या खवट स्तंभलेखकाने २००९ मध्ये लिहिले की इटॅनियमने अख्ख्या संगणक-उद्योगाचा जीव घेतला. ड्वोरॅक यांची भाषा नेहमीच एक पट्टी वरची. पण तीन दमदार प्रतिस्पर्धी मैदान सोडून गेले, तेही गोळी न झाडता, नुसत्या आकड्याने, हे खोटे कसे म्हणावे?

आणि २००१ साली झाले काय? त्या वर्षाच्या मध्यावर, म्हणजे अल्फाला नारळ मिळाला त्याच सुमारास, इटॅनियम अखेर बाजारात आला. अडतीस अब्जांचे ते साल. या पहिल्या चिपचे सर्व्हर विकले गेले काही हजार. हजार अब्ज नव्हे. नुसते हजार.

आयडीसीने मग अंदाज सुधारला. पुढच्या वर्षी पुन्हा सुधारला. दरवर्षीची नवी रेषा आधीच्या रेषेच्या खालून निघे, पण उजवीकडे वरच झेपावे. या वर्षी नाही तर नाही, पुढच्या वर्षापासून बघाच! या सगळ्या रेषा एकत्र काढलेला आलेख पुढे संगणकवाल्यांच्या जगात अजरामर झाला. सगळ्यांत तळाशी, जमिनीला चिकटून, खरी विक्री सरपटत होती. चुकले, असे कोणी म्हणाले नाही. आपल्याकडे तरी धरणाचा खर्च कुठे वाढतो? त्याला सुधारित प्रशासकीय मान्यता मिळते.

या रेषांच्या गर्दीत ज्याला साधा रकानासुद्धा कोणी ठेवला नव्हता, त्याने बाजार नेला. इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीने २२ एप्रिल २००३ रोजी ऑप्टेरॉन प्रोसेसर आणला. जुने ३२ बिटी प्रोग्रॅम जसेच्या तसे चालणार, वर ६४ बिटांची सोय. गिऱ्हाइकाला आपले जुने सॉफ्टवेअर चालवायचे आहे, एवढीच गोष्ट एएमडीला कळली होती, आणि ती कळायला अहवाल विकत घ्यावा लागत नाही. २००४ मध्ये इंटेलनेही मुकाट्याने तीच वाट धरली. आज इंटेलच्या चिपवर घालायला डेबियन लिनक्स उतरवून घ्या, फाइलच्या नावात 'एएमडी६४' असे लिहिलेले असते. घर इंटेलचे, दारावरची पाटी भाऊबंदाची.

पुढची कथा भराभर सांगण्यासारखी आहे, कारण ती नुसती ओहोटी आहे. २००५ मध्ये डेलने इटॅनियम सोडला, आयबीएमने सोडला. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितले की आमची यापुढची विंडोज सर्व्हर यावर चालणार नाही. मार्च २०११ मध्ये ओरॅकलने आपला डेटाबेस या चिपसाठी यापुढे करणार नाही असे जाहीर केल्यावर मात्र एचपी, म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड, कोर्टात गेली, आणि कोर्टात कागद बाहेर आले. चिप बनत राहावी म्हणून एचपीने इंटेलला वर्षानुवर्षे मिळून सुमारे ६९ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले होते! गिऱ्हाईक दुकानदाराला पैसे मोजून विनवते आहे की बाबा रे, शटर ओढू नको, हे अर्थशास्त्राच्या कोणत्या प्रकरणात बसते ते जाणकारांनी सांगावे. २०१६ मध्ये ज्युरीने एचपीला ओरॅकलकडून ३ अब्ज डॉलर देवविले. २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केले, आणि त्याच वर्षी जुलैअखेर इंटेलने इटॅनियमची शेवटची खेप पाठवली. म्हणजे अडतीसपैकी तीन अब्ज वसूल झाले म्हणायचे. बाजारातून नाही, कोर्टातून.

भाकितवाले नेहमी वाढवूनच सांगतात असेही नाही. १९९१ मध्ये स्ट्युअर्ट ऑल्सप या नामवंत पत्रकाराने शेवटच्या मेनफ्रेमची, म्हणजे त्या अवाढव्य केंद्रीय संगणकाची, मरणतिथी जाहीर केली होती: १५ मार्च १९९६. तिथी गेली, मेनफ्रेम राहिला. आयबीएमने २०२५ मध्ये झेड१७ हा नवा मेनफ्रेम आणला, आणि जगभरच्या बँका तो घेतात. ऑल्सप मात्र दिलदार निघाले. त्यांनी छापील शब्द तोंडात धरून, अक्षरशः खाताना, फोटो काढून दिला. या धंद्यात असे खाल्लेले भाकीत विरळाच. बाकीची पचवली जातात.

हा सारा सातासमुद्रापारचा मामला वाटत असेल, तर बाणेर, खराडी किंवा हडपसरला एक चक्कर मारा. जगाच्या बाजाराचे भविष्य घाऊक प्रमाणात कुठे शिजत असेल तर ते आमच्या पुण्यात. 'एंटरप्राइझ सर्व्हर: जागतिक बाजारपेठ, २०३२ पर्यंत', 'प्रोसेसर: जागतिक बाजारपेठ, २०३२ पर्यंत', आणि त्याच साच्यात पुढे दातांचे ब्रश, कुत्र्यांचे खाद्य, विमानातल्या खुर्च्या. प्रत्येक अहवाल काही हजार डॉलरला. प्रत्येकात सीएजीआर, म्हणजे वार्षिक चक्रवाढ वाढीचा दर, दशांश चिन्हासकट. आमच्या मेव्हणीचा मुलगा अशाच एका कंपनीत आहे, आणि सर्व्हर-प्रोसेसरचे खाते त्याच्याकडेच आहे. त्याला आम्ही एका रविवारी पोह्यांच्या बशीसमोर गाठले.

"२०३२ चा आकडा काढतोस कसा रे?"

"सोपं आहे, काका. आत्ताचा आकडा घ्यायचा, टक्का ठरवायचा आणि एक्सेलमध्ये खाली ओढत न्यायचं."

"आणि टक्का?"

"बाकीच्या दोन-तीन कंपन्यांचा सारांश फुकट मिळतो, त्यांच्या मधला धरायचा. तोच धरला तर कॉपी वाटते. फार लांबचा धरला तर क्लायंट फोन करतो."

"त्यांनी तो कुठून आणला?"

"त्यातली एक समोरच्याच बिल्डिंगमध्ये आहे. दुपारी डबा एकत्रच खातो आम्ही."

सध्या मात्र तो खुशीत आहे, कारण काळ पालटला आहे. पूर्वी अंदाज दरवर्षी खाली यायचे, आता वर जातात. एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी जून २०२३ मध्ये सांगितले की डेटा सेंटरमधल्या एआय चिपांची बाजारपेठ २०२७ साली १५० अब्ज डॉलरच्या वर जाईल. त्याच वर्षी डिसेंबरात त्या म्हणाल्या, ४०० अब्ज. सहा महिन्यांत अडीचशे अब्जांचा पाऊस! ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्काम एक वर्ष पुढे सरकला आणि आकडा ५०० अब्जांवर गेला. या वेळी माल खरोखर खपतो आहे, हे मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाने डेटा सेंटरच्या खात्यातून ११५ अब्ज डॉलर कमावले. भाकीत खरे ठरते आहे म्हणून लोक माल घेतात, की लोक माल घेतात म्हणून भाकीत खरे ठरते आहे, की शेजारी घेतो म्हणून सगळेच घेतात, हे विचारायला सध्या कोणाला फुरसत नाही.

तरी नव्या आकड्यांचा स्वभाव जुन्यापेक्षा दयाळू आहे. जुन्या आकड्याने धडधाकट अल्फाला घरी बसवले. नवे आकडे मेलेल्याला उठवतात. पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंडची एक अणुभट्टी १९७९ च्या अपघाताने कायमची गेली. तिची शेजारीण १९८५ मध्ये पुन्हा सुरू झाली, पुढे चौतीसेक वर्षे सुखरूप चालली आणि २०१९ मध्ये परवडत नाही म्हणून बंद झाली. आता ती पुन्हा पेटवायची आहे, कारण सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या डेटा सेंटरांसाठी तिची वीज वीस वर्षांसाठी ठरवून टाकली. इकडे ऐरोली-महापेच्या पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने धूर सोडत होते, तिथे आता डेटा सेंटरांच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि जागांचे दलाल मेगावॉटमध्ये बोलू लागले आहेत.

हे सगळे ऐकून आम्ही त्या पोरापुढे एक विधायक सूचना ठेवली. २००८ साली पुण्यातच जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर ५० आली असती. पण ते ज्योतिषी परीक्षेला बसले तरी. तशीच चाचणी बाजार-विश्लेषकांची घ्यावी, असे आम्ही म्हणालो. दहा वर्षांपूर्वीचे चाळीस अहवाल काढायचे, नावे झाकायची आणि कोणता खरा झाला, कोणता आपटला, ते ओळखायला लावायचे.

पोराने पोहे संपवले आणि बशी बाजूला सारली.

"शेहेचाळीस टक्के? काका, आमच्याकडे कोणाचे एवढे आले ना, तर त्याला व्हाइस प्रेसिडेंट करतील. आणि ज्योतिषांचं म्हणाल, तर 'ज्योतिष सेवा: जागतिक बाजारपेठ' हा आमचा जोरात खपणारा रिपोर्ट आहे. सीएजीआर दोन आकडी. तुम्हाला हवा असेल तर घरचा डिस्काउंट लावतो."