टाळ्या नंबर १२७

कीबोर्डवर सनईचा टोन लावायचा तर बटण दाबायचं, संपलं. पण कॉम्प्युटरसमोर बसून, पलीकडच्या टेबलावरच्या सिंथेसायझरकडून तोच टोन काढून घ्यायचा असेल, तर आधी एक गोष्ट पचवावी लागते. सनई म्हणजे काय हे त्या सिंथला ठाऊकच नसतं. पियानो नाही, बासरी नाही, व्हायोलिन नाही. त्याला फक्त आकडा कळतो. सॉफ्टवेअर 'प्रोग्रॅम चेंज, अमुक नंबर' एवढंच म्हणतं आणि गप्प बसतं. सिंथही गप्प. नंबर मिळाला का, तसला टोन पोटात आहे का, कशाचीही पोच नाही. आमच्या घरी इतक्या तुटकपणे कुणी काम सांगितलं असतं तर संध्याकाळचा चहा मिळाला नसता.

या बोलीचं नाव मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या ॲनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले. त्यामागच्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळालं, आणि ते रास्तच होतं. एक अमेरिकन, एक जपानी, धंद्यात प्रतिस्पर्धी, तरी एका भाषेवर एकमत! आपल्याकडे दोन गणेश मंडळांचं मिरवणुकीच्या वेळेवर होत नाही. फक्त वाद्याच्या पडद्यावर मोजायला कुठून सुरुवात करायची, एवढा किरकोळ मुद्दा ज्याने त्याने आपापल्या घरी सोडवला.

वायरीतून जातात ते आकडे ० ते १२७. कुणी ते तसेच दाखवतं, कुणी माणसांची सोय म्हणून १ ते १२८ दाखवतं. रोलंडच्या ज्युनो-१०६ वर तर ए-११ पासून बी-८८ पर्यंत मोजणी चालते आणि त्यात १८ नंतर थेट २१ येतात, कारण तिथे ९ आणि ० यांना प्रवेश नाही. आमच्या सोसायटीत पाहुण्याला 'पहिला मजला' सांगितलं की तो तळमजल्यावरच्या डॉक्टरांची बेल वाजवतो, त्यातलाच हा प्रकार. पत्ता बरोबर, पाहुणा हुशार, आणि दार भलतंच.

१९९१ साली जनरल मिडी नावाची यादी आली आणि निदान १२८ टोनांचा क्रम ठरला. एकपासून मोजलं तर पहिला पियानो आणि एकशे बारावी चक्क सनई. शेपटाकडे मात्र यादी करणाऱ्यांची कल्पनाशक्ती मोकाट सुटली आहे: १२४ पक्ष्यांची किलबिल, १२५ टेलिफोन, १२६ हेलिकॉप्टर, १२७ टाळ्या आणि १२८ बंदुकीची गोळी. टाळ्या आणि गोळी यांना शेजारी बसवणाऱ्याने बरीच भाषणं ऐकलेली असावीत.

आमच्या सेक्रेटरींचं गणेशोत्सवातलं भाषण संपलं की टाळ्या वाजाव्यात, ही सूचना खुद्द त्यांचीच. श्रोत्यांवरचा त्यांचा विश्वास आदल्या वर्षीच उडाला होता. यादीत १२७, म्हणून सॉफ्टवेअरमध्येही १२७. सॉफ्टवेअर शून्यापासून मोजणारं, त्यामुळे त्याच्या लेखी तो एकशे अठ्ठाविसावा टोन. 'जय हिंद, जय महाराष्ट्र' झालं आणि स्पीकरमधून गोळी सुटली. त्यानंतर ज्या खऱ्या टाळ्या पडल्या, त्या काही केल्या थांबेनात.

पुढे १२८ टोन कमी पडू लागले म्हणून बँका आल्या. बँक निवडायला दोन आकडे, एक कंट्रोलर ० वर आणि दुसरा कंट्रोलर ३२ वर. म्हणजे १६,३८४ बँका आणि प्रत्येकीत १२८ टोन. एकूण २०,९७,१५२! त्यातही टोनांचे उपप्रकार यामाहाच्या एक्सजी नावाच्या पद्धतीत ३२ वर सापडतात, तर रोलंडच्या जीएस पद्धतीत ० वर. शिवाय बँक बदलली म्हणून टोन बदलत नाही. मागोमाग प्रोग्रॅम चेंज जाईपर्यंत सिंथ जागचा हलत नाही.

"पण नाव वाचून नाही का निवडता येत?" बायकोने विचारलं.

"येतं की. फक्त नावांची यादी आधी आपण सॉफ्टवेअरला द्यायची."

"म्हणजे त्याने काय करायचं ते त्याला आधी सगळं तूच सांगायचं?"

"हो."

"मग माझा संसार कसा चाललाय, ते आता तुला कळेल."

अखेर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्या एका मित्राने गुपित सांगितलं. सिंथकडून कॉम्प्युटरकडे जाणारी दुसरी वायर लाव, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड दाब आणि टोन सिंथवरच हाताने निवड. बहुतेक सिंथ बँकेचे दोन्ही आकडे आणि प्रोग्रॅम चेंज आपणहून पाठवतात, सॉफ्टवेअर निमूटपणे लिहून घेतं. मग ते तिन्ही पहिल्या सुराच्या किंचित आधी सरकवून ठेवायचे, कारण टोन बदलायला काही सिंथना क्षणभर लागतो. कुणी कुठून मोजलं, याच्याशी आपलं देणंघेणं नाही.

यंदा सेक्रेटरींना भाषणामागे पहाटेची किलबिल हवी आहे. यादीत नंबर १२४. खात्रीचा उपाय हाताशी आहे, दुसरी वायरही आहे. पण किलबिलीच्या जागी टेलिफोन वाजू लागला, तर ते भाषण थांबवून निदान खिसे तरी चाचपतील. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये मी सरळ १२४ घातले आहेत.