चढावरचा इतिहास

आप्पा तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि दप्तर ठेवून सायकलवर बसले. मुलानं दिलेली गिअरची सायकल अजून हॉलमध्ये उभी आहे. आप्पांची ती जुनी काळी. हँडलला पिशवी, तिच्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पंक्चरचं सामान. "मोटारीतनं इतिहास दिसत न्हाय, नुसती हाटेलं दिसत्यात," हे निघतानाचं वाक्य.

आता गुपित. आप्पांना इतिहास आठवतो तो फक्त चढावर. दम लागला की पाय टेकतो, बोट वर जातं, "इथं थांबलंच पाहिजे!" उतारावर मात्र शिवकाल, पेशवाई, सगळं सुसाट मागं पडतं. यवतेश्वरच्या घाटात आम्ही एवढा इतिहास ऐकलाय, की कासच्या पठारावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर.

लिंबची बारा मोटेची विहीर हा एक अपवाद. तिथं ते दम नसतानाही थांबतात. "1719 ते 1724. वीरूबाई भोसल्यांचं काम. विहिरीच्या पोटात महाल, बघा!" मग कठड्यावरून वाकून, जुन्या सवयीनं, शेजारच्या शेतात पीक काय आहे तेही टिपून घेतात.

संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. तिथं आप्पा टोपी काढतात. काकूंना हे कुणीतरी सांगितलं. "सासऱ्यांच्या फोटोवरची धूळ पुसा म्हणून वर्षभर सांगतीये," एवढंच त्या म्हणाल्या.

यंदा सांगलीपर्यंत नेलं. शेणोलीला 1943 साली प्रतिसरकारच्या लोकांनी पगाराची गाडी लुटली, ते रुळांकडे बघत असं सांगितलं की फाटकवाला आमच्याकडे संशयानं बघू लागला. किर्लोस्करवाडी 1910 सालची, पण किर्लोस्कर बंधूंचा धंदा त्याआधी बेळगावात सायकलींचाच, हे सांगताना सीटवर अशी थाप मारली, जणू भागीदारी होती.

मग ताकारीहून देवराष्ट्र्याकडे, सागरेश्वरचा चढ. आप्पांचा चेहरा लाल. पाय टेकला. कडेच्या एका आडव्या दगडाकडे बोट.

"वीरगळ! थांबलंच पाहिजे."

शेळ्या राखणारं पोरगं हसलं. "वीरगळ कशाचा, आजोबा? मैलाचा दगड हाय त्यो. पालथा पडलाय."

आप्पांनी दोन श्वास घेतले, चष्मा पुसला.

"कुठल्या सालचा?"