लेननचा चष्मा

हवानाच्या वेदादो भागातल्या एका बागेत जॉन लेनन पायावर पाय टाकून बाकावर बसला आहे. ब्राँझचा. शेजारची जागा मोकळी. आपण टेकायचं, त्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि फोटो काढून घ्यायचा.

१९६०च्या दशकात याच क्युबात त्याच्या बीटल्सची गाणी म्हणजे भांडवलशाहीची कीड. पोरं चोरून ऐकत. पुढे ८ डिसेंबर २००० रोजी, लेननच्या खुनाला बरोबर २० वर्षं झाली त्या दिवशी, पुतळ्याच्या अनावरणाला खुद्द फिडेल कास्ट्रो हजर! बंडखोर एकदा मेला, वर परदेशातला असला, की सरकारांना त्याचं फार प्रेम येतं.

पण खरी गंमत चष्म्याची. तो गोल चष्मा चोरीला जायचा, नवा बसवला की पुन्हा जायचा. मालमत्ताच नसलेल्या जगाचं स्वप्न गाणाऱ्याच्या नाकावरची ही एवढीशी मालमत्ता लोकांनी मनावर घेतली. अखेर राखणदार नेमावा लागला. चष्मा त्याच्या खिशात असायचा. पर्यटक आले की लेननला दिसू लागायचं. फोटो झाला की पुन्हा अंधार.

तेव्हा हवानाला गेलात, तर लेननच्या आधी राखणदार आहे का ते बघा.