घरात बंगाल, उसात वाघाटी

बंगाल ही संकरित मांजराची जात आहे; रसगुल्ल्याशी तिचा संबंध नाही. दक्षिण, आग्नेय आणि पूर्व आशियात आढळणाऱ्या लेपर्ड कॅट या जंगली मांजराचे शास्त्रीय नाव प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस, त्यातले शेपूट जातीला चिकटले. जीन मिल या अमेरिकन बाईंनी १९६३ मध्ये अशा एका मादीचे घरच्या काळ्या बोक्याशी सूत जुळवले. पत्रिका अर्थातच पाहिली नव्हती. पहिल्या पिढ्यांतले बोके सहसा वांझ निघाले आणि स्वभावाने जंगलीच राहिले. चौथ्या पिढीपासून पुढचे मांजर घरात ठेवण्याजोगे मानतात. बंगालची मोठ्या अंगाची बहीण म्हणजे सव्हाना जात. तिच्या आजोळी आफ्रिकेतला सर्व्हल असतो, त्यामुळे तिच्या तंगड्या लांब आणि कान अवाढव्य. बिबट्यांचा वावर असलेल्या जुन्नरच्या गल्लीत ती संध्याकाळनंतर दिसली, तर तिला मांजर म्हणणारा माणूस फक्त तिचा मालकच असेल.

बंगालच्या खानदानात एक गावठी शाखाही आहे. १९८२ च्या सुमारास मिलबाईंना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातले एक बेवारस तांबूस मांजर मिळाले. ते गेंड्याच्या आवारात मुक्कामाला होते. त्याच्या अंगावरचे ठिपके लखलखीत होते, एवढ्या पुण्याईवर ते अमेरिकेला गेले आणि जातीचे मूळपुरुष होऊन बसले. तेव्हा पुण्या-मुंबईत दुभत्या गाईच्या किमतीला जे घेतात, त्यात थोडे आपलेच उकिरड्यावरचे रक्त परदेशवारी करून आलेले असते.

बंगालचा स्वभाव असा: त्याला पाणी आवडते. ते बादलीत उतरते, चालू नळाखाली पंजा धरते. कपाटाच्या वर, दाराच्या वर, जिथे घरातल्यांचा हात पोचत नाही तिथे बसते. दिवसा झोप काढते आणि रात्री घशातून लांबलचक सूर लावते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये यावर सोसायटीची नोटीस येते. जुन्नरजवळच्या नारायणगावच्या मळ्यात यावर शेजारी बॅटरी आणि फटाके घेऊन बाहेर पडतात.

त्यांचे चुकत नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. इथे बिबट्याला सरसकट वाघच म्हणतात आणि तो जंगलापेक्षा उसात जास्त भेटतो. माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणे झाली, कालवे आले, पाठोपाठ ऊस आला. वर्षभर उभे राहणारे दाट पीक, बुडाशी गारवा, शेजारी वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. यापेक्षा सोयीचे बाळंतघर मादीला कुठले मिळणार? कित्येक बिबटे इथे उसातच जन्मले. मात्र या विषयावरची थट्टा दाराबाहेर जपून करावी लागते. या तालुक्यांत शेळ्या गेल्या तशी माणसेही गेली आहेत, लहान मुलेही. रात्रीच्या विजेवर मोटर चालू करायला जाणाऱ्याला ठिपक्यांचे कौतुक सांगू नये.

फड हा शब्द नारायणगावात दोन अर्थांनी चालतो: तमाशाचा आणि उसाचा. दुसऱ्या फडात हिवाळ्यात कोयता चालू झाला की पाचटाखाली अचानक पिल्ले सापडतात. टोळी थांबते, मुकादम फोन लावतो, ‘वाघाची पिल्लं!’ ही बातमी गावात पोचते. निम्मा गाव मोबाइल घेऊन बांधावर जमतो. पुष्कळदा ती खरोखर बिबट्याची असतात. काही वेळा मात्र ती वाघाटीची निघतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. गावातला खाऊन-पिऊन सुखी बोका तिच्या दुप्पट भरेल. तिच्या राखाडी-तपकिरी अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीने असतात, कपाळावरून गडद रेघा मागे जातात, शेपटीवर ठिपके जवळजवळ नसतातच. बिबट्याच्या बछड्याचे पंजे अंगाच्या मानाने थोराड असतात, जणू थोरल्या भावाचे बूट घातलेत.

ही पिल्ले पाहून ‘पाळू या की’ म्हणणारा एक तरी इसम बांधावर असतोच. बंगाल विकत घ्यावे लागते, हे तर फुकट, हिशेब बिनचूक. फक्त बिबट्या आणि वाघाटी हे दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिल्लू उचलून घरी ठेवणे हाही गुन्हा आणि शिक्षा तीन ते सात वर्षे. एवढ्यात बंगालच्या दोन-तीन पिढ्या होतात.

प्रत्यक्षात करायचे ते एवढेच की हात न लावता वनविभागाला कळवायचे. त्यांच्याबरोबर माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात. हे केंद्र वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस यांनी मिळून वर्षानुवर्षे चालवले आहे. डॉक्टर पिल्ले तपासतात. अंधार पडायच्या सुमारास ती खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवतात, शेजारी कॅमेरा लावतात आणि माणसे लांब जातात. आई येते. आधी बाजूला बसून अंदाज घेते, मग पंजाने खोके कलंडवते, एकेकाला मानेला धरून उचलते आणि शेजारच्या न तोडलेल्या उसात नेते. पहिल्या रात्री आली नाही, तर दुसऱ्या रात्री खोके पुन्हा तिथेच ठेवतात. तोवर मुकादम तेवढ्या सऱ्या सोडून तोडणी दुसऱ्या अंगाने चालू करतो.